सॅमसंग फायर ब्लूफँग्ज: कोरियातला सगळ्यात यशस्वी पुरुष व्हॉलीबॉल संघ आज तळाला का दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताने कोरियाला हरवलं, तेव्हापासून तुम्ही कोरियाची व्ही-लीग बघायला लागलात. जाणकार मंडळी सॅमसंग फायरचं नाव आदराने घेतात, पण अलीकडच्या गुणतक्त्यांत हा संघ बहुतेक वेळा खालीच दिसतो. मग हा संघ होता तरी काय, आणि त्याचं झालं काय?

आधी एक आकडा सांगतो, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल. 1997 ते 2014 या 18 हंगामांत कोरियातलं पुरुषांचं मुख्य विजेतेपद सॅमसंग फायरने 16 वेळा जिंकलं. उरलेल्या दोन्ही वेळी ते अंतिम फेरीत हरले. म्हणजे 18 वर्षांत विजेता किंवा उपविजेता, यापेक्षा खाली हा संघ गेलाच नाही. कोरियातल्या कुठल्याही व्यावसायिक खेळात अशी सलग सत्ता दुसऱ्या कुणाची नाही.

संघाची स्थापना 1995 ची. मालक सॅमसंग समूहाची विमा कंपनी, घरचं मैदान देजॉन शहरातलं चुंगमू जिम्नॅशियम. कोरियात संघाच्या नावात कंपनीचं नाव असतंच, त्यामुळे गोंधळू नका: कोरियन एअर म्हणजे विमान कंपनीचा संघ, ह्युंदाई कॅपिटल म्हणजे वित्त कंपनीचा. सॅमसंगने प्रशिक्षक म्हणून शिन ची-योंग यांना घेतलं. त्याआधी ते वीज कंपनीच्या संघात होते. सॅमसंगमध्ये त्यांनी 1995 ते 2015 अशी सलग 20 वर्षं प्रशिक्षकपद सांभाळलं. दोन हंगाम वाईट गेले की प्रशिक्षक बदलतात त्या जगात 20 वर्षं. माझ्या मते या संघाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या एका माणसाच्या कामाचा इतिहास आहे.

सुरुवातीचं यश मात्र फक्त घामाचं होतं असं म्हणणं खरं होणार नाही. तेव्हा कोरियात ड्राफ्ट (संघांनी ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत) नव्हता, विद्यापीठातून बाहेर पडणारा खेळाडू ज्याच्याशी करार करेल त्याचा. सॅमसंगकडे पैसा होता आणि त्यांनी तो ओतला. डावखुरा किम से-जिन उजव्या बाजूने आणि शिन जिन-शिक डाव्या बाजूने, ही जोडी आजही कोरियन प्रेक्षक विसरलेले नाहीत. शिन जिन-शिक उंचीने काही फार मोठा नव्हता, पण त्याची उडी आणि मनगटाचा झटका असा की समोरचा ब्लॉक (जाळीवर हात उभे करून केलेली अडवणूक) वेळेवर बसला तरी चेंडू कुठून तरी निसटायचा. मग 1999 च्या सुमारास सेटर (स्मॅशसाठी चेंडू वर उचलून देणारा) चोई ते-उंग, सोक जिन-उक आणि जांग ब्योंग-चोल हे विद्यापीठातले बिनीचे खेळाडू एकाच दमात सॅमसंगने उचलले. बाकीचे संघ भडकले. त्यांचा राग रास्त होता असं मला वाटतं. एकाच संघाने सगळे चांगले खेळाडू नेले तर लीग उरतेच कशाला?

त्या काळात सुपर लीग ही मुख्य स्पर्धा होती. ती सॅमसंगने 1997 पासून 2004 पर्यंत सलग आठ वेळा जिंकली. याच काळात, 2001 ते 2004 दरम्यान, त्यांनी सलग 77 सामने जिंकले. सत्त्याहत्तर! दुखापती होतात, तापाने खेळाडू आजारी पडतात, एखाद्या दिवशी सर्व्हिस जाळीतच जाते. या सगळ्यातून तीन वर्षं एकही सामना न गमावणं ही नुसत्या पैशाची गोष्ट राहत नाही. संघाच्या सराव केंद्रात ‘घामावर विश्वास ठेवणारा डगमगत नाही’ अशा अर्थाचं चार चिनी अक्षरांचं ब्रीद होतं आणि प्रशिक्षक शिन ची-योंग ते अक्षरशः पाळून घ्यायचे.

2005 मध्ये लीग व्यावसायिक झाली, व्ही-लीग सुरू झाली. पहिलं विजेतेपद सॅमसंगचंच, अंतिम फेरीत ह्युंदाई कॅपिटलला हरवून. म्हणजे जुनी आठ आणि हे एक धरून सलग नऊ.

इथे ह्युंदाई कॅपिटलबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय ही कथा अर्धीच राहते. चोनान हे त्यांचं शहर, देजॉनपासून फार लांब नाही. त्यांचे प्रशिक्षक किम हो-चोल म्हणजे 1980 च्या दशकात इटलीत खेळून आलेले नामांकित सेटर. शिन आणि किम एकाच वर्षी, 1955 साली जन्मलेले. एक शांत, हिशेबी. दुसरा कोर्टाच्या कडेला उभा राहून आरडाओरडा करणारा. परदेशी खेळाडूंना परवानगी मिळाल्यावर ह्युंदाईने अमेरिकेचा शॉन रूनी आणला (हाच पुढे 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघात होता) आणि 2005-06 व 2006-07 अशी सलग दोन विजेतेपदं सॅमसंगकडून हिसकावून घेतली. सॅमसंगची पहिली पिढी थकली होती. किम से-जिन, शिन जिन-शिक निवृत्तीच्या उंबरठ्यावर. सगळ्यांनी लिहून टाकलं की सॅमसंगचं युग संपलं.

माझ्या मते या संघाचा खरा मोठेपणा इथून पुढे दिसतो. कारण आता ड्राफ्ट आला होता. ड्राफ्टमध्ये तळाच्या संघाला आधी निवड करायला मिळते आणि विजेत्याला सगळ्यात शेवटी. म्हणजे पूर्वीची वाट कायमची बंद. शिवाय अंतिम फेरी चुकतच नव्हती, त्यामुळे चांगला नवा खेळाडू मिळायची आशा दरवर्षी मावळायची. आणि तरीही 2007-08 पासून 2013-14 पर्यंत सॅमसंगने सलग सात विजेतेपदं जिंकली. 2005 चं धरून व्ही-लीगमध्ये एकूण आठ.

हे कसं जमलं, यावर दोन उत्तरं ऐकायला मिळतात.

पहिलं उत्तर टीकाकारांचं: परदेशी स्मॅशर. 2007 मध्ये क्रोएशियाचा आंजेल्को चुक आला. 2009 मध्ये कॅनडाचा गेविन श्मिट, उंची 208 सेंटीमीटर. 2012 मध्ये क्युबाचा 22 वर्षांचा लिओनार्डो लेव्हा, ज्याला कोरियात सगळे नुसतं लिओ म्हणतात. हे तिघे आले तेव्हा जगातले मोठे तारे नव्हते. सॅमसंगने त्यांच्याकडून इतकी मेहनत करून घेतली की तिघेही इथेच मोठे झाले. गेविन सलग तीन अंतिम मालिकांचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, लिओ सलग तीन हंगाम साखळी फेरीचा. अटीतटीच्या वेळी संघाचे निम्म्याहून जास्त स्मॅश एकटा परदेशी खेळाडू मारायचा. सगळे चेंडू एकालाच देण्याच्या या पद्धतीला कोरियात नावं ठेवली गेली. त्यामुळे देशी स्मॅशर तयार होत नाहीत आणि राष्ट्रीय संघ मागे पडतो, असा आरोप झाला. कोरियाचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये शेवटचा दिसला तो 2000 साली सिडनीत, हे खरं आहे. पण याचं सगळं खापर सॅमसंगवर फोडणं मला पटत नाही. बाकीचे संघही परदेशी स्मॅशरवरच खेळत होते. फरक एवढाच की सॅमसंग जिंकत होतं.

दुसरं उत्तर मला जास्त पटतं, आणि ते समजायला त्या काळातला एखादा सामना चेंडूवरून नजर काढून बघावा लागतो. समोर तीन जणांचा ब्लॉक उभा आहे, चेंडू गेविनलाच जाणार हे आख्ख्या जिम्नॅशियमला माहीत आहे. अशा वेळी नुसत्या उंचीने गुण मिळत नाही. त्याला हवा असतो तो चेंडू प्रत्येक वेळी त्याच जागी लागतो: अँटेनाच्या (जाळीच्या कडेच्या उभ्या काठीच्या) अलीकडे, जाळीपासून बेताच्या अंतरावर, हव्या तेवढ्या उंचीवर. सर्व्हिस वाईट उचलली गेली आणि सेटरला कोर्टाबाहेर पळत जाऊन हात लावावा लागला, तरी चेंडू तिथेच यायला पाहिजे. सॅमसंगमध्ये सेटर पोहोचला नाही तर लिबेरो (फक्त मागच्या रांगेत खेळणारा बचावपटू) तो चेंडू उचलायचा, लिबेरो पडलेला असेल तर सोक जिन-उक, आणि तिघांचाही चेंडू जवळपास सारखाच जायचा. मग गेविनचा स्मॅश ब्लॉकला लागून परत आला, तर त्याच्या पायाशी दोघेतिघे आधीच वाकून बसलेले. चेंडू पुन्हा वर, पुन्हा गेविन. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला समोरचा ब्लॉक दमतो, हात थोडे उघडे राहतात आणि गुण मिळतो. हे टीव्हीच्या ठळक क्षणांत कधी दाखवत नाहीत, कारण तिथे फक्त शेवटचा स्मॅश असतो. पण सामने त्या वाकून बसलेल्यांनी जिंकून दिलेत.

त्यातला लिबेरो म्हणजे यो ओ-ह्यन, उंची अवघी 175 सेंटीमीटर. व्हॉलीबॉलमध्ये उंची नाही म्हणून मागे पडलेल्या प्रत्येक मुलाने या माणसाचा खेळ बघावा असं मला मनापासून वाटतं. तो सर्व्हिसच्या रेषेत आधीच उभा असायचा, धावत जाऊन उडी मारावी लागलीय असं क्वचितच दिसायचं. पंचेचाळिशीपर्यंत खेळला आणि 2024 मध्ये निवृत्त झाला. सोक जिन-उकच्या गुडघ्यांवर तर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या, तरी सर्व्हिस उचलायला मधल्या जागी तोच. सेटर यू ग्वांग-उ घोट्याच्या दुखण्याने सुरुवातीची वर्षं बेजार होता. चोई ते-उंग गेल्यावर त्याच्याकडे संघ आला आणि त्याने तो पेलला.

चोई गेला तो प्रसंगही सांगण्यासारखा आहे. 2010 मध्ये सॅमसंगने ह्युंदाईचा डावखुरा स्मॅशर पाक चोल-उ मुक्त खेळाडू म्हणून घेतला. कोरियाच्या नियमानुसार अशा वेळी आधीच्या संघाला भरपाई म्हणून समोरच्या संघातला एक खेळाडू उचलता येतो. ह्युंदाईने थेट सॅमसंगचा मेंदू उचलला, चोई ते-उंग. पुढे पाक चोल-उ शिन ची-योंग यांचा जावई झाला. चोई मात्र ज्या संघाला आयुष्यभर हरवलं त्याच संघात रमला, आणि त्याबद्दल खाली पुन्हा येतो.

सात विजेतेपदांपैकी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 2010-11 चं. हंगामाच्या सुरुवातीलाच सोक जिन-उकला मोठी दुखापत झाली. सर्व्हिस उचलणारा माणूसच गेल्यावर काय होतं ते लगेच दिसलं: संघ तळाला गेला. दुसऱ्या टप्प्यात हळूहळू सावरत साखळीत तिसरा आला. साखळीत पहिला आला होता कोरियन एअर, इतिहासात पहिल्यांदाच. सॅमसंगने आधी एलआयजी या संघाला हरवलं, मग ह्युंदाईला, आणि अंतिम मालिकेत कोरियन एअरला 4-0 असं साफ केलं. ताज्या दमाने वाट बघत बसलेल्या संघाला, पायऱ्या चढून दमून आलेल्या संघाने एकही सामना जिंकू दिला नाही.

2013 मध्ये सोक जिन-उक निवृत्त झाला आणि यो ओ-ह्यन ह्युंदाईकडे गेला. खालचा चेंडू उचलणारे दोन्ही हात एकाच उन्हाळ्यात गेले. तरी 2013-14 च्या अंतिम मालिकेत सॅमसंगने त्याच ह्युंदाईला 3-1 हरवलं. ते सातवं सलग, आणि आजपर्यंतचं शेवटचं.

पडझड 2015 च्या वसंतात सुरू झाली, तीही आपल्याच माणसाकडून. आन्सान शहरात 2013 मध्ये एक नवा संघ स्थापन झाला होता, पुढे त्याचं नाव ओके सेव्हिंग्ज बँक झालं. त्याचा प्रशिक्षक किम से-जिन. हो, तोच उजव्या बाजूचा डावखुरा. मदतीला सोक जिन-उक. त्यांच्याकडे क्युबाचा रॉबर्टलँडी सिमोन होता, जगातल्या सर्वोत्तम मधल्या खेळाडूंपैकी एक, ज्याला त्यांनी उजव्या बाजूने खेळवलं. सॅमसंग साखळीत पहिला होता, लिओ पुन्हा हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण पाक चोल-उ सक्तीच्या लष्करी सेवेसाठी मधूनच गेला होता. अंतिम मालिकेत ओकेने सॅमसंगला 3-0 असं हरवलं. शिष्याने गुरूला हरवलं, गुरूच्याच शिस्तीने. त्याच वर्षी शिन प्रशिक्षकपदावरून बाजूला झाले आणि संघाचा कारभार समूहाच्या जाहिरात कंपनीकडे गेला. शिन पुढे जिनचॉनच्या राष्ट्रीय क्रीडा प्रशिक्षण केंद्राचे प्रमुखही झाले.

मग 2016-17 पासून परदेशी पुरुष खेळाडूंसाठी ट्रायआउट सुरू झालं. म्हणजे मनाला येईल तो परदेशी खेळाडू शोधून आणून घडवायचा हा मार्गही बंद. ठरावीक खेळाडू समोर येतात, चिठ्ठ्यांचा क्रम लागतो, त्यातून निवडायचं. त्याच हंगामात सॅमसंग चौथ्या क्रमांकावर राहिला आणि संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच बाद फेरी चुकली. शिन जिन-शिक प्रशिक्षक असताना 2017-18 मध्ये साखळीत दुसरा क्रमांक आला, 2018 मध्ये कोव्हो कपही (लीगपेक्षा वेगळी, चषकाची स्पर्धा) जिंकला, तेवढीच काय ती झुळूक. 2020-21 आणि 2022-23 मध्ये तर संघ अगदी तळाला राहिला. माझं मत विचाराल तर, वर्षानुवर्षं ड्राफ्टमध्ये शेवटची निवड मिळाल्याने देशी खेळाडूंची जी एक पिढी या संघात तयारच झाली नाही, त्याची ही किंमत आहे. लिओ असेपर्यंत ते झाकलं गेलं.

आता तुम्ही बघताय त्या लीगमध्ये सॅमसंग कुठे आहे, हे गुणतक्त्यात शोधू नका. चोई ते-उंग 2015 मध्ये निवृत्त होऊन थेट ह्युंदाईचा प्रशिक्षक झाला. त्याने सगळे चेंडू एकाला ही पद्धत मोडून सगळ्यांनी पळत, वेगाने खेळायचं असं व्हॉलीबॉल आणलं, 2015-16 मध्ये सलग 18 सामने जिंकले आणि 2016-17 व 2018-19 ची विजेतेपदं मिळवली. सेटर यू ग्वांग-उ पुढे कोरियन एअरमध्ये गेला, आणि त्या संघाने 2020-21 पासून 2023-24 पर्यंत सलग चार वेळा साखळी व अंतिम अशी दोन्ही विजेतेपदं जिंकली, जे सॅमसंगलाही कधी जमलं नव्हतं. त्या संघाचा मुख्य सेटर हान सोन-सू आणि डावीकडचा जोंग जी-सोक यांचा खेळ आवर्जून बघा. आणि लिओ? तो कोरियात परत आला, ओकेकडून खेळला, मग ह्युंदाईकडे गेला. 2024-25 मध्ये फ्रेंच प्रशिक्षक फिलिप ब्लेन यांच्या हाताखाली ह्युंदाईने कोव्हो कप, साखळी आणि अंतिम अशी तिन्ही विजेतेपदं जिंकली, तेव्हा अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू लिओच होता. त्याच हंगामात त्याने व्ही-लीगच्या एकूण गुणांचा पाक चोल-उचा विक्रम मागे टाकला. सॅमसंगच्या एका जुन्या खेळाडूचा विक्रम सॅमसंगच्याच दुसऱ्या जुन्या खेळाडूने मोडला.

हांगचौबद्दल एक जोडून सांगतो. 20 सप्टेंबर 2023 ला भारताने कोरियाला पाच सेटमध्ये, शेवटचा सेट 17-15 असा घेऊन हरवलं, तेव्हा कोरियाच्या बाकावर बसलेले प्रशिक्षक होते इम दो-होन. शिन यांच्यानंतर सॅमसंगची धुरा त्यांच्याकडेच आली होती. 2002 च्या बुसान आशियाई स्पर्धेत शिन ची-योंग यांच्या हाताखाली सुवर्णपदक जिंकणारा कोरिया आणि हांगचौत पदकाशिवाय परतणारा कोरिया, यांत 21 वर्षांचं अंतर आहे. आपल्या पोरांनी तो सामना कमावून जिंकला, त्याचं मोल कमी होत नाही. समोर मात्र पूर्वीचा कोरिया नव्हता.

जुने सामने बघायचे असतील तर 2009-10 ची अंतिम मालिका शोधा. सॅमसंग विरुद्ध ह्युंदाई, सातव्या सामन्यापर्यंत गेलेली, सॅमसंगने 4-3 जिंकलेली. पहिल्यांदा बघताना गेविनकडे लक्ष जाईलच, ते जाऊ द्या. दुसऱ्यांदा बघताना मागच्या तिघांचे पाय बघा, सर्व्हिस सुटायच्या आधी ते कुठे उभे आहेत ते.